कंट्रोलर अप्पांची कासवं

लक्ष द्या, लक्ष द्या! तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं, की एका दुष्काळी उन्हाळ्यात निलंगा मुक्कामी सात कासवांच्या रक्षणासाठी तीन पाळ्यांचा पहारा बसवण्यात आला होता. पहारेकऱ्यांच्या ड्युटीचा तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेला होता. कासवं आमटीच्या वाटीएवढी होती, शत्रू आकाशातून येत होता, आणि सकाळच्या पाळीवर हातात खराटा घेऊन प्रस्तुत लेखिका उभी होती. वाचकांनी कृपया गोंधळ करू नये.

हसलात तरी चालेल, पण ही भाषा माझी नव्हे. ज्यांच्या घरी मी एका खोलीत भाड्यानं राहत होते, त्यांची आहे. त्यांचं पाळण्यातलं नाव त्यांच्या सासरच्यांनासुद्धा आठवत नसावं. सगळं निलंगा त्यांना कंट्रोलर अप्पा म्हणायचं. बसस्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या लावणं आणि माईकवरून त्या पुकारणं, ही त्यांची नोकरी. अंगानं अप्पा किरकोळ. खाकी शर्टात आणखी एक अप्पा सहज मावले असते. पण आवाज असा, की माईक बंद पडला तरी पलीकडच्या रसवंतीतला माणूस अर्धा ग्लास टाकून गाडीकडे पळायचा. आयुष्यभर तसंच बोलल्यामुळे घरीही त्यांना साधं बोलता येत नसे. आंघोळीला पाणी हवं असलं, की न्हाणीघरातून पुकारा व्हायचा, "स्वयंपाकघरातून न्हाणीकडे जाणारी बादली अद्याप आलेली नाही!" आणि चुलीपुढून त्यांच्या बायको, आमच्या अक्का, तिथूनच उत्तर द्यायच्या, "आज ती गाडी रद्द हाय म्हणावं!"

मी मूळची नांदेडची. लातूर जिल्हा नवा झाला, नव्या कचेऱ्या निघाल्या, जुन्या कचेऱ्यांतल्या जागा भरल्या गेल्या आणि त्यातली टायपिस्टची एक जागा निलंग्याच्या तहसिलीत माझ्या वाट्याला आली. जिल्हा कागदावर बदलला होता, माणसांच्या तोंडातून मात्र बदलायचा होता. खेड्यातली माणसं स्टँडवर येऊन नुसतं "जिल्ह्याला जायचंय" म्हणायची आणि सवयीनं उस्मानाबादच्या गाडीत जाऊन बसायची. एकदा अप्पांनी पुकारलं, "जिल्हा बदललेला आहे. जिल्ह्याच्या कामाला निघालेल्या प्रवाशांनी उस्मानाबादच्या गाडीतून ताबडतोब खाली उतरावं!" त्या आवाजाच्या दणक्यानं अख्खी गाडी खाली उतरली. त्यात उस्मानाबादला लग्नाला निघालेलं एक अख्खं वऱ्हाडही होतं. नवरदेवाचा मामा भांडायला काचेपाशी आला, तेव्हा अप्पांनी शांतपणे खुंटीवरचं तक्रार पुस्तक काढून त्याच्यापुढे सरकवलं. "लेखी द्या."

"लेखी द्या" हे त्यांचं दुसरं वेड. तोंडी तक्रार ते ऐकतच नसत. भांडणारा माणूस लिहायला बसला, की त्याचा निम्मा राग वळणदार अक्षर काढण्यात जातो, असं त्यांचं म्हणणं. घरातही तोच कायदा होता. मी राहायला गेल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीची कडी निखळली. ते सांगायला गेले तर अप्पांनी मला दौत, टाक आणि पाठकोरा कागद दिला. कडी मात्र त्याच संध्याकाळी बसली.

पाऊस दोन वर्षं नीट झालेला नव्हता. कोपऱ्यावर टँकर यायचा आणि त्याच्यापुढे घागरींची रांग माणसांच्या आधीच उभी असायची. गावाबाहेर महादेवाची जुनी बारव आहे. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणारी, चौकोनी, काळ्या दगडाची विहीर. तिचं पाणी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत कधी आटलं नव्हतं. ते त्या वर्षी आटलं. आपल्याकडे विहिरीत कासव सोडायची रीत आहे. पाण्यातली घाण ते खातं, पाणी जितं ठेवतं. आमच्या भागात तर कासव नसलेल्या विहिरीच्या पाण्याला जुनी माणसं तोंड लावायला कचरतात. बारवेतलं थोरलं कासव तळाच्या भेगाळलेल्या चिखलात मरून पडलेलं महादेवाची पूजा करणाऱ्या गुरवबाबांना दिसलं. शेजारी चिखलात सात पिलं होती. जिवंत.

गुरवबाबा अप्पांकडे आले, कारण तालेवारांच्या आळीत कुणी त्यांना उभं केलं नव्हतं. "अप्पा, ही सात तेवढी सांभाळा. बारवेत पाणी येईल तवा परत सोडू. पाणी आलं आन कासव न्हाई, असं झालं तर त्या पाण्याचं काय करायचं?"

अप्पा म्हणाले, "पाणी येईल त्या दिवशी कासवं बारवेवर हजर राहतील. वेळेवर."

वेळेवर म्हटलं, की अप्पांनी शब्द दिला असं समजायचं. त्यांच्या दृष्टीनं जगात दोनच प्रकारचे लोक होते, वेळेवर सुटणारे आणि कारणं सांगणारे.

परसात गुरांची दगडी डोण होती. म्हैस चाऱ्यासाठी अक्कांच्या माहेरी धाडलेली, त्यामुळे डोण रिकामीच. अप्पांनी तिच्यात ओली रेती घातली, कोपऱ्यात पाण्याची थाळी रुतवली आणि सातही पिलं आत सोडली. अक्का कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "माणसाला घागर मिळंना आन ह्या दगडांना थाळी! आवं, ह्यांचं पोट कशानं भरायचं?" मी म्हटलं, किडे खातात. लिंगायताच्या परसात किड्याचं नाव काढल्याबद्दल दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच काकडीच्या साली आणायला धावले. कासवांनी साली खाल्ल्या, देठं खाल्ली, आणि रेतीत जे काही त्यांचं त्यांना सापडायचं तेही खाल्लं. तेवढ्या वेळापुरती अक्का मान फिरवून शेवग्याकडे बघत बसायच्या.

दिवसभर डोणीवर दोरीची बाज आडवी टाकलेली असे. पण कासवाला ऊन लागतं, नाहीतर पाठ मऊ पडते, असं गुरवबाबांनी बजावलं होतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ त्यांना अंगणात फिरायला सोडायचं ठरलं. आणि तिथूनच युद्ध सुरू झालं.

पहिलं पिलू चौथ्याच दिवशी गेलं. सगळ्यांत धाकटं. कावळ्यानं पाय धरून उचललं आणि शेजारच्या घराच्या माळवदावर, मातीच्या धाब्यावर, नेलं. अप्पा ड्युटीवर होते. आल्यावर त्यांनी उरलेली सहा मोजली आणि दौत-टाक घेऊन बसले. त्यातून तो ऐतिहासिक तक्ता निघाला. सकाळची पाळी टायपिस्टबाई, दुपारची अक्का, संध्याकाळची कंट्रोलर. शेरा असा, की पाळीवरच्या इसमानं जागा सोडू नये, सोडल्यास बदली इसम द्यावा. अक्कांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तक्त्याला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "ह्यात माझ्या रजा कुठं हायत?"

दुसरं पिलू गेलं ते मात्र अक्कांच्या पाळीत, आणि ज्या रीतीनं गेलं ती हकिकत आळीत पुढं वर्षभर सांगितली गेली. भारद्वाज दिसणं शुभ, हे सगळ्यांना माहीत आहे. डोणीतली रेती बदलायची म्हणून अप्पांनी त्या दिवशी कासवं अंगणात सावलीला ठेवली होती. दुपारी शेवग्यावरून एक तांबड्या पंखांचा भारद्वाज टुणकन अंगणात उतरला. भर दुष्काळात घरी भारद्वाज! अक्का हरखल्या. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि पावसासाठी, म्हशीसाठी, उदगीरला दिलेल्या थोरल्या लेकीसाठी, सगळ्यांसाठी मागून घेतलं. डोळे उघडले तेव्हा भारद्वाज कुंपणापलीकडे होता, आणि अंगणात कासवं पाच.

अप्पा एवढंच म्हणाले, "मागणं थोडक्यात मागावं."

गंमत अशी, की ही सगळी पाखरं परसात येत होती ती अप्पांच्याच बोलावण्यानं. शेवग्याच्या फांदीला त्यांनी पाखरांसाठी पाण्याचं मातीचं परळ टांगलेलं होतं, आणि दुष्काळात एवढ्या टापूत पाणी म्हणजे तेवढंच. अक्का वैतागायच्या. "पाखरांना पाणी पाजून राहिले आन त्याच पाखरांवर पहारा करून राहिले! ते परळ काढून टाका की." अप्पांनी परळ काढलं नाही. "पाणी पिणाऱ्याला तिकीट इचारायचं नसतंय," म्हणाले, आणि ते दूर, घराच्या पुढच्या लिंबाला नेऊन टांगलं. त्यानं चिमण्या पुढे गेल्या. घारीला मात्र पाणी नकोच होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी इतका वेळ मुद्दाम सांगितली नाही, कारण तेव्हा आम्हालाही ती सांगण्यासारखी वाटली नव्हती.

अप्पा पक्के शिवभक्त. रोज दोन्ही वेळा पूजा. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन बसले, की स्टँडवरचा तो आवाज कुठं जायचा कोण जाणे, ओठ हललेलेही दिसत नसत. पूजा झाली, की विभूतीची पांढरी वडी पाण्यात उगाळून कपाळावर, दंडांवर, छातीवर तीन-तीन बोटं. आणि महादेवाच्या देवळात नंदीपुढं कासव असतंच. तेव्हा घरात आलेली कासवं ही त्यांच्या लेखी परसातली जनावरं नव्हती, देवळातली मंडळी होती. म्हणून पहिल्या दिवसापासून, सकाळी आणि संध्याकाळी, अंगणात सोडायच्या आधी अप्पा प्रत्येकाच्या पाठीवर विभूतीचे तीन पट्टे ओढायचे. काळी कुळकुळीत पाठ आणि त्यावर पांढरे शुभ्र तीन पट्टे. फार सुंदर दिसायची. आळीतल्या बायका बघायला यायच्या. मीही माझ्या आईला नांदेडला पत्रात लिहिलं होतं, की इथली कासवंसुद्धा पूजेला बसतात.

एक पिलू गेलं तसे पट्टे जाड झाले. दुसरं गेलं तसे आणखी जाड. "राखण म्हणजे नुसता खराटा न्हाई," अप्पा म्हणायचे. "खरी राखण हीच."

तिसरं गेलं अप्पांच्या डोळ्यांदेखत. संध्याकाळची वेळ. घार आधी उंच फिरत होती. अप्पांनी ती पाहिली आणि जन्मभराची सवय तोंडातून बाहेर पडली, "खबरदार! अंगणात प्रवेश करू नये!" समोरच्या आळीतली दोन कुत्री भुंकायला लागली, एका घरातला पाळणा रडायला लागला, पण घार काही थांबली नाही. सरळ दगडासारखी खाली आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी स्टँडवरचे लोक काचेपाशी येऊन विचारायचे, "अप्पा, कालची घार वेळेवर होती का?" एरवी असल्या प्रश्नाला अप्पांचं उत्तर तयार असायचं. त्या दिवशी त्यांनी माईकच बंद करून ठेवला. आणि गुरवबाबा सोमवारी आले तेव्हा, "किती उरली?" या प्रश्नाला त्यांनी चार बोटं दाखवली. तोंडानं आकडा काढला नाही.

त्यानंतरच्या बुधवारी मी कुरडया वाळत घालायला माळवदावर चढले. दुष्काळ असो नाहीतर काही असो, अक्कांच्या कुरडया चुकायच्या नाहीत. खाटेवर धोतर पसरलं, कुरडया घातल्या, आणि सहज खाली परसात वाकून बघितलं. अप्पा नुकतेच पट्टे ओढून माझ्या बदली पहाऱ्याला शेवग्याखाली टेकले होते. वरून अंगण सगळं एका रंगाचं दिसत होतं. माती, दगड, वाळकी पानं, सगळं करडं. त्यात कासव कुठं आहे ते मला शोधूनही सापडलं नसतं. पण शोधावं लागलंच नाही. चार जागी तीन-तीन पांढऱ्या रेघा लखलखत होत्या. रांगोळी घालून पाहुण्याला पाट मांडावा तशा.

मी शिडीवरून उतरले ती थेट चुलीपाशी. अक्कांनी ऐकून घेतलं, हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, "खरं हाय का गं?"

"तुम्हीच वर जाऊन बघा."

"मी कशाला बघू? बघितलं की सांगावं लागंल." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोरी, इभूत पुसा असं त्यांना सांगणारी मी न्हवं. लग्नाला तीस वर्षं झाली. भांडले लई, पण तेवढ्या एका गोष्टीला कधी हात लावला न्हाई. तू सांग. तू शिकलेली हायस."

मी शिकलेली होते, पण भाडेकरूही होते. अप्पांनी जी राखण म्हणून ओढली, ती घारीला बोलावते आहे हे कोणत्या तोंडानं सांगायचं? बुधवार गेला, गुरुवार गेला. मी सकाळच्या पाळीला कासवांच्या पाठीवर गुपचूप सावली धरायचे, ओढणी टाकायचे, पानं ठेवायचे. कासवं पानं घेऊन चालू लागायची आणि पानं पडायची. शनिवार गेला. रविवार गेला. रोज वाटायचं, आज सांगू. रोज अप्पा पूजेवरून उठताना त्यांचा चेहरा बघितला, की वाटायचं, उद्या.

सोमवार, महादेवाचा वार, म्हणून पट्टे दुप्पट जाड होते. माझी पाळी. खराटा माझ्या हातात, कासव माझ्यापासून चार पावलांवर, तेही शेवग्याच्या सावलीत. मी वर बघत होते. तरीही घार कुठून आली ते मला कळलं नाही. कानाशी वारा फडफडला एवढंच. मी खराटा मारला तो जमिनीवर बसला. वर बघितलं तेव्हा त्या पायांत पांढरे पट्टे स्पष्ट दिसत होते, लिंबाच्या शेंड्याच्याही वर जाईपर्यंत.

तीन उरली.

त्या दिवशी कचेरीत दुपारच्या सुट्टीत मी मशीनवर कागद चढवला. माझ्या आयुष्यातलं सर्वांत अवघड टंकलेखन. ते असं होतं:

"प्रति, मा. कंट्रोलर अप्पा, मुक्काम परस. विषय: कासवांच्या पाठीवरील विभूती आकाशातून दिसत असल्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय कळवण्यात येते, की माळवदावरून पाहणी केली असता कासव दिसत नाही, पट्टे दिसतात. घार माळवदापेक्षा उंचावरून पाहते. तरी योग्य तो निर्णय व्हावा. सदर बाब निम्नस्वाक्षरीकार हिला गेल्या बुधवारपासून ठाऊक होती. तिने ती वेळेवर कळवली नाही, आणि आज एक कासव गेले. त्याबद्दल ती दोषी आहे."

संध्याकाळी अप्पा आले तसा कागद त्यांच्या हातात दिला आणि मी अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिले. अक्का दारात. अप्पांना मनात वाचता येत नसे. त्यांनी सवयीनं खणखणीत सुरुवात केली, "प्रति, माननीय कंट्रोलर अप्पा!" शेजारची बाई ऐकायला कुंपणाशी आलीसुद्धा. 'विषय'पर्यंत आवाज होता. 'विभूती' या शब्दावर तो खाली आला. पुढचं त्यांनी कसं वाचलं ते आम्हाला ऐकू आलं नाही.

कागदाची घडी करून त्यांनी खिशात घातली आणि शिडीला हात घातला. वर गेले. कठड्याशी उभे राहिले आणि खाली बघत राहिले. मी डोणीवरची बाज बाजूला ओढली; सकाळचे पट्टे अजून पुरते पुसलेले नव्हते. अक्कांना राहवेना. "आवं, दिसलं का?"

अप्पा कठड्यावरून आणखी वाकले.

"आवं, उतरा खाली. दिसलं का?"

अप्पा उतरले. शेवटच्या पायरीवरच बसले. "अगं," म्हणाले, आणि तो आवाज मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता, साधा, शेजारच्या माणसाशी बोलावा तेवढाच. "तिथून कासव दिसतच न्हाई. गाडीला पाटी लावावी तशी मीच पाटी लावून देत होतो. कुठं उतरायचं ते घारीला मीच सांगून राहिलो होतो."

मी रडत होते. मी म्हटलं, "अप्पा, मी बुधवारीच सांगायला हवं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उशिरा आली तरी गाडी आली असंच लिहायचं असतंय, बाई. न आलेली येगळी." मग खिशावर हात ठेवून म्हणाले, "लेखी दिलं ते बरं केलं. तोंडी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो."

त्या संध्याकाळी त्यांनी कासवांना बाहेर सोडलं नाही. पट्टेही ओढले नाहीत. जेवायला बसले, पण ताट तसंच सरकवलं. अक्का मला पदराआड म्हणाल्या, आता ह्यांची पूजाबी बिघडणार बघ. मलाही तीच धास्ती होती. तीन कासवं वाचवायला निघालेला हा माणूस स्वतःच कुठंतरी मोडणार, असं वाटत होतं.

सकाळ झाली. अप्पांनी पूजा केली. विभूती उगाळली. स्वतःला लावली. मग डोणीपाशी गेले आणि पहिलं कासव उचललं. आम्ही दोघी बघत होतो. अप्पांनी ते उताणं केलं, डाव्या तळहातावर धरलं आणि त्याच्या पिवळट पोटावर तीन पट्टे ओढले. मग सुलटं करून पाठीवर डोणीतला ओला चिखल फासला. दुसरं. तिसरं.

अक्का पुटपुटल्या, "आवं, देवाच्या कासवाला चिखल कामून?"

"चिखलातूनच आणलंय." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "इभूत महादेवासाठी लावायची असती, घारीसाठी न्हवं. महादेवाला पोटावरचीबी दिसती."

एवढं बोलून अप्पा आंघोळीचं पाणी पुकारायला गेले. आवाज पहिल्यासारखा झाला होता.

पहारा सुटला नाही, तक्ता तसाच राहिला. अक्कांना त्यात आठवड्याची एक रजा मिळाली. भोयांच्या आळीतून तळ्यावरचं जुनं जाळंही आलं आणि अंगणाच्या निम्म्यावर ताणलं गेलं. घार रोज येऊन फिरायची. मी पाळीवर असताना वर बघायचे, ती खाली बघायची, आणि आमच्या दोघींच्यामध्ये चिखलाचे तीन गोळे हळूहळू चालत असायचे. तिला ते दिसत नव्हते. एक आठवडा गेला, एक महिना गेला. गुरवबाबा दर सोमवारी यायचे आणि अप्पा तीन बोटं दाखवायचे. ती तीनच राहिली.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही वाट बघत बसणार नाही. दोन वर्षांनी माझी बदली नांदेडला झाली. अप्पांची पोस्टकार्डं यायची, सगळी त्याच थाटाची: "निलंग्याहून नांदेडला निघालेलं हे पत्र सुखरूप पोचल्याचं कळवावं." अप्पा निवृत्त झाले, आणि नंतर एका हिवाळ्यात गेले. मला कळलं तेव्हा तेरावाही उलटून गेला होता. माझ्या स्वभावात त्यांच्यामुळे एक खोड कायमची बसली आहे. कुणाचं फार मनापासून भलं करायला निघाले, की मी आधी गच्चीवर जाऊन यावं तसं एकदा लांबून बघून येते. घरातले हसतात. त्यांना लेखी द्यायला सांगते.

तर, त्या वर्षी पाऊस आला. त्याचं वर्णन मी करणार नाही, ते पुष्कळांनी केलं आहे. आम्ही पाऊस मोजत होतो तो बारवेच्या पायऱ्यांवर. एक पायरी बुडाली, तीन बुडाल्या, श्रावणात नऊ बुडाल्या, तेव्हा गुरवबाबांनी निरोप धाडला. श्रावणी सोमवारी सकाळी अप्पा धोतर नेसून, पितळेच्या परातीत तीन कासवं घेऊन निघाले. मागे अक्का, मागे मी, आणि मागे अर्धी आळी. बारवेच्या काठावर गर्दी जमलेली. म्हातारी माणसं पायऱ्यांवर बसलेली, कारण त्यांनी अजून त्या पाण्याला तोंड लावलेलं नव्हतं.

"अप्पा, पुकारा की!" मागून कुणीतरी ओरडलं. "कासवं सुटत आहेत म्हणून पुकारा!"

अप्पा खाली उतरले. पाण्यालगतच्या पायरीवर परात टेकवली. एकेक कासव शेवटचं उताणं केलं, पोटावरून अंगठा फिरवला, आणि दगडावर ठेवलं. पहिली दोन क्षणभरही थांबली नाहीत. घसरली आणि गेली. त्यांच्या पोटाखालून पांढरट धुरासारखं काहीतरी पाण्यात पसरलं आणि विरलं. तिसरं मात्र हातपाय आत ओढून बसलं. अप्पा गुडघ्यावर हात ठेवून वाकलेले. गुरवबाबा म्हणाले, "धक्का द्या थोडा." अप्पांनी मान हलवली. "त्याची येळ झाली की जाईल."

मग त्यानं डोकं बाहेर काढलं. आमच्या कुणाकडेही बघितलं नाही. चार पावलं चाललं, कडेला आलं, आणि टुपकन पाण्यात गेलं. गोल वर्तुळं उठली, भिंतींना लागून परत आली. एक म्हातारा लगेच ओंजळ भरून पाणी प्यायला. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. अप्पा रिकामी परात उचलून सरळ उभे राहिले.

आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या अक्का, ज्यांनी सबंध उन्हाळा कासवांना दगड म्हटलं, ज्यांनी एका पिलालाही कधी बोट लावलं नव्हतं, त्या एकदम पुढे झाल्या, पायरीवरून वाकल्या आणि भर गर्दीत पाण्याकडे बघून मोठ्यांदा म्हणाल्या,

"अगं बाई, जेवून तरी जायचं होतं की रे!"